परभाषाध्यापनातील व्याकरण

परभाषाध्यापनातील व्याकरण : मातृभाषेहून भिन्न भाषा शिकविताना तिचे नियम आधी सांगावेत, की ती ज्या प्रसंगांत बोलली व लिहिली जाते त्या प्रसंगांतून ती विद्यार्थ्याच्या अंगी मुरू द्यावी, हा भाषाध्यापनशास्त्रातील एक जुना वादविषय होय. पहिल्या मार्गास व्याकरणाधिष्ठित आणि दुसऱ्यास संदर्भाधिष्ठित अध्यापन म्हणतात. पहिल्यात नियम, रूपावली, उदाहरणे आणि भाषांतराचा अभ्यास असा क्रम असतो. दुसऱ्यात संभाषण, गोष्ट, चित्र, पत्र, बाजारहाट यांसारखा एखादा अर्थपूर्ण प्रसंग आधी येतो व नियम त्यातून मागाहून उलगडतो किंवा मुळीच सांगितला जात नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बहुतेक शिक्षणतज्ज्ञ या दोहोंचा समतोल साधावा असे म्हणू लागले आहेत. तथापि समतोल म्हणजे तासिकांची निम्मी-निम्मी वाटणी नव्हे. कोणता भाषांश नियमाने शिकवावा व कोणता प्रसंगाने, हे त्या भाषांशाचे स्वरूप, विद्यार्थ्याची मातृभाषा आणि वर्गाबाहेर ती भाषा त्याच्या कानी पडण्याचे प्रमाण या तीन गोष्टींवर ठरते.

मातृभाषा व परभाषा यांच्या संपादनातील मुख्य भेद काळाचा आहे. मूल जागेपणी अखंड भाषा ऐकत असते. त्याच्या चुका घरातील दहा माणसे नकळत दुरुस्त करतात. परभाषेच्या विद्यार्थ्यास मात्र आठवड्याकाठी काही मोजक्या तासिका मिळतात. नियम हा या अपुऱ्या वेळेवरचा उपाय आहे. शंभर वाक्ये ऐकून जे ध्यानात आले असते, ते एका विधानात सांगता येते. परंतु ते विधान पाठ झाले म्हणजे वाक्य तोंडी आले असे नाही, आणि वादाचे मूळ येथेच आहे.

भारतीय परंपरा : हा प्रश्न भारतीय शास्त्रकारांना अपरिचित नव्हता. पतंजलीने महाभाष्याच्या पस्पशाह्निकात असे दाखविले आहे, की ज्याला घट हवा असतो तो कुंभाराकडे जाऊन घट घडवून मागतो. परंतु ज्याला शब्द वापरावयाचे असतात तो वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द मागत नाही. शब्द लोकव्यवहारात सिद्धच असतात आणि व्याकरण त्यांच्या प्रयोगास नियम लावते. पाणिनीय परंपरेच्या एका श्रेष्ठ आचार्याने व्याकरणाची मर्यादा अशी आरंभीच आखून दिली, हे लक्षणीय आहे. व्याकरणाचा अभिमान बाळगणाऱ्या पुढील काळातील पाठशाळांना तिचा बहुधा विसर पडला.

नव्यन्यायाच्या ग्रंथांत शब्दाच्या अर्थाचे ज्ञान, म्हणजे शक्तिग्रह, होण्याची आठ साधने सांगितली आहेत : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृती आणि परिचित पदाचे सांनिध्य. यांपैकी वाक्यशेष व परिचित पदाचे सांनिध्य ही साधने आजच्या भाषेत संदर्भच होत. मूल भाषा कशी शिकते याच्या विवेचनात मात्र अनेक शास्त्रकारांनी व्यवहारालाच आद्य स्थान दिले आहे. त्यासाठी दिले जाणारे उदाहरण प्रसिद्ध आहे. घरातील वडील माणूस दुसऱ्या मोठ्या माणसाला गाय आणावयास सांगतो व तो ती आणतो. जवळ बसलेले मूल हे पाहते, पण त्याला संपूर्ण वाक्याचाच ढोबळ अर्थ कळतो. नंतर गाय बांधावयास व घोडा आणावयास सांगितले जाते. कोणता शब्द आला व कोणता गेला (आवाप व उद्वाप) आणि त्याबरोबर कृतीत काय बदलले, हे पाहून मूल एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढते.

संदर्भाधिष्ठित अध्यापनाचे समर्थन म्हणून हे उदाहरण सहज पुढे करता येईल. परंतु त्यातील एक बारकावा दृष्टीआड होऊ नये. मुलाला अर्थ कळतो तो केवळ प्रसंग घडला म्हणून नव्हे. वाक्यातील एक घटक बदलला आणि बाकीचे जागच्या जागी राहिले म्हणून. प्रसंगात सुव्यवस्था असावी लागते. विसाव्या शतकातील संरचना पद्धतीचे अदलाबदलीचे तक्ते याच तत्त्वावर रचलेले आहेत.

मराठी ही परभाषा म्हणून : मराठी भाषकांना परभाषाध्यापन म्हटले की इंग्रजी आठवते, पण मराठी हीदेखील तीन-चार शतके परक्यांनी शिकलेली भाषा आहे व तिची आरंभीची व्याकरणे मुख्यतः त्यांच्यासाठीच रचली गेली. गोव्यातील जेझुइट धर्मोपदेशक फादर स्टीफन्स (मृत्यू १६१९) यांचे कोकणीचे पोर्तुगीज व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले. मराठीचे पोर्तुगीज भाषेतील व्याकरण १७७८ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाले. निजामशाही व आदिलशाही राज्यांत सर्रास चालणाऱ्या मराठीचे हे व्याकरण असून ते तेथील धर्मोपदेशकांना अर्पण केले आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे. निजामशाहीची राजधानी अहमदनगर होती. ती सत्ता १६३६ मध्येच नामशेष झाली होती; तरी रोममधील मुद्रकाला दीडशे वर्षांनंतरही या प्रदेशातील बोलीची ओळख त्याच नावाने करून द्यावीशी वाटली. यानंतर विल्यम केरी (१८०५) व जॉन स्टीव्हन्सन (१८३३) यांची इंग्रजीतील मराठी व्याकरणे निघाली.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे ठाणे उघडले व ते शहर परभाषा म्हणून मराठी शिकण्याचे एक महत्त्वाचे केंद्र बनले. नवागत मिशनऱ्यास पंडिताकडून भाषा शिकून घ्यावी लागे व थंडीच्या दिवसांत खेडोपाडीच्या दौऱ्यांत ती वापरावी लागे. एकीकडे पंडिताचे ग्रांथिक मराठी व छापील व्याकरण, दुसरीकडे नेवासे, राहुरी, पारनेर या भागांतील शेतकऱ्यांची बोली, अशा दुहेरी शिक्षणातून तो जाई. येथे हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झाले. सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालविल्या, आणि सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतल्याचे चरित्रकार सांगतात. १८३९ मध्ये आलेले एबेनेझर बर्जेस (१८०५–७०) यांनी मराठीचे इंग्रजी व्याकरण लिहिले. ते मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यात १८५४ मध्ये छापले गेले. बर्जेस हे पुढे सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतरकार (१८६०) म्हणून विशेष ख्यातनाम झाले. त्या कामाचा उगम शाळांसाठी मराठीत ज्योतिषाचे पाठ्यपुस्तक तयार करण्याच्या खटपटीत होता, असे त्यांनी नमूद केले आहे. ज्या माणसाने व्याकरण लिहिले त्याची मराठी अशा एका प्रत्यक्ष कामात राबत होती, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

योगायोग असा, की मराठी भाषकांसाठी मराठीत लिहिलेल्या व्याकरणाचे कर्ते दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) हेही १८५२ मध्ये डेप्युटी कलेक्टर म्हणून अहमदनगरास आले. त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. बर्जेस व दादोबा यांच्या ग्रंथांचा विषय एकच असला, तरी त्यांचे प्रयोजन अगदी भिन्न होते. दादोबांच्या वाचकाला भाषा येतच होती. जे तो करतो आहे त्याची जाणीव त्याला व्याकरणाने द्यावयाची होती. बर्जेस यांच्या वाचकाला भाषा मुळीच येत नव्हती. जे त्याच्यापाशी नाही ते व्याकरणाने पुरवावयाचे होते. स्वभाषेचे व्याकरण व परभाषेचे व्याकरण हा भेद पुढे शालेय अभ्यासक्रमांत पुसट झाला. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलांच्या हाती इंग्रज मुलांसाठी आखलेल्या पदपरिचयाच्या धर्तीचे व्याकरण पडत राहिले, त्याचे कारण हेच होय.

मराठीतील कोणते भाषांश परक्याला नियमाने शिकवावे लागतात, हे पाहिले म्हणजे समतोलाचा अर्थ स्पष्ट होतो. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने पोळी खाल्ली’, ‘मुलाने केळे खाल्ले’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. ‘मी आंबा खाल्ला’ येथे मात्र कर्त्याला ‘ने’ लागत नाही. ही तिन्ही वाक्ये एकापाठोपाठ एक अशी प्रत्यक्ष संभाषणात क्वचितच येतात. नुसते ऐकून हा नियम काढावयास इंग्रजी भाषकाला फार काळ लागेल. तो सांगावा हेच बरे. सामान्यरूपाचेही तसेच. ‘घोडा–घोड्याला’, ‘शाळा–शाळेत’, ‘झाड–झाडावर’ हा फरक एकदा तक्त्यात पाहिला, की पुढील वाचनात तो ओळखता येतो.

याउलट ‘आम्ही’ व ‘आपण’ यांतील फरक एका वाक्यात सांगता येत असला, तरी पंगतीला बसलेल्या माणसाने ‘आपण जेवू’ म्हणण्याऐवजी ‘आम्ही जेवू’ म्हटले तर पाहुणा उपाशी राहतो, हे प्रसंगावाचून मनात ठसत नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा प्रश्न तर व्याकरणाच्या जवळजवळ बाहेरचा आहे. अनेक घरांत आईला ‘तू’ व वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात. असा व्यवहार कोणत्या घरात चालतो व कोणत्या नाही, हे कोणतेही व्याकरण सांगू शकत नाही.

या भेदाची उत्तम जाण मॅक्सीन बर्नसन व जाई निंबकर यांच्या कामात दिसते. अहमदनगर जिल्ह्याच्या दक्षिणेस असलेल्या सातारा जिल्ह्यातील फलटण हे या दोघींचे कार्यक्षेत्र. त्यांनी परभाषकांसाठी मराठीचे संदर्भ-व्याकरण (१९७५) व मराठीचा सघन अभ्यासक्रम (१९८२) ही दोन पुस्तके वेगवेगळी लिहिली. संदर्भ-व्याकरण अडेल तेव्हा उघडून पाहण्यासाठी असते, तर अभ्यासक्रम रोज पुढे जाण्यासाठी. या दोन वस्तू एकाच पुस्तकात कोंबल्या, की दोन्ही बिघडतात, असा बहुतेक शालेय पुस्तकांचा अनुभव आहे.

महाराष्ट्रातील इंग्रजी अध्यापन : एकोणिसाव्या शतकात येथे इंग्रजी शिकविण्याची रूढ पद्धती व्याकरण-भाषांतराची होती. तिचा सर्वपरिचित नमुना म्हणजे तर्खडकर भाषांतर पाठमाला. नियम, शब्द आणि उलटसुलट भाषांतरासाठी वाक्ये असा तिचा साचा असून मराठी माध्यमातील कित्येक पिढ्या तीवर पोसल्या. या पाठमालेची थट्टा पुष्कळ झाली. परंतु ज्या गावात इंग्रजी बोलणारा एकही माणूस नव्हता, तेथे एकट्याने बसून शिकता येईल असे दुसरे साधन नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तिचे खरे बळ असे, की ती मराठीच्या पायावर उभी होती. कोणते इंग्रजी वाक्य मराठी माणसास अडेल, हे तिला ठाऊक होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार सुरू झाला. मातृभाषा वर्गात येऊ द्यावयाची नाही, वस्तू व कृती दाखवून इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवावयाचे, असे तिचे सूत्र होते. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातील पी. सी. रेन यांनी १९११ मध्ये भारतीय शाळांतील इंग्रजीच्या प्रत्यक्ष अध्यापनावर पुस्तक लिहिले. आज मात्र त्यांचे नाव शाळकरी जगात टिकून आहे ते ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणाच्या जाड पुस्तकामुळे. प्रत्यक्ष पद्धतीच्या पुरस्कर्त्याच्या नावावरच इंग्रजी व्याकरणाचे सर्वांत खपाचे पुस्तक असावे, यावरून शाळांची खरी मागणी कशाला होती ते दिसते. प्रत्यक्ष पद्धतीस इंग्रजी अस्खलित बोलणारा शिक्षक लागे. व्याकरणाच्या पुस्तकास तो लागत नसे.

स्वातंत्र्योत्तर काळात संरचना पद्धती आली. वाक्यांचे साचे सोप्याकडून अवघडाकडे असे क्रमवार लावून त्यांचा तोंडी सराव करून घेणे, हे तिचे स्वरूप. ती कंटाळवाणी ठरली, कारण साचा बरोबर असला तरी त्या वाक्याने कोणालाही काही सांगावयाचे नसे. या उणिवेवर भारतातच झालेला एक प्रयोग जगभर चर्चिला गेला. एन्. एस्. प्रभू यांनी १९७९–८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत चालविलेल्या बंगलोर प्रकल्पात व्याकरण वा साचे न शिकविता वेळापत्रक वाचणे, नकाशावरून वाट शोधणे अशी कामे विद्यार्थ्यांना इंग्रजीतून देण्यात आली. अर्थाकडे लक्ष गुंतले, की व्याकरण नकळत घडत जाते, असे त्यामागील गृहीतक होते. बेरेटा व डेव्हिस यांनी १९८५ मध्ये केलेल्या मूल्यमापनात प्रकल्पातील विद्यार्थी कार्याधारित चाचण्यांत, तर साच्यांनी शिकलेले विद्यार्थी संरचनेच्या चाचणीत सरस ठरले. जे शिकविले ते आले, एवढाच काय तो निष्कर्ष कोणी काढील. पण त्यातही तथ्य आहे.

पाश्चात्त्य विचार : यूरोपात लॅटिनच्या अध्यापनातून व्याकरण-भाषांतर पद्धती आधुनिक भाषांना लागू झाली. तिच्याविरुद्ध जर्मनीत व्हिल्हेल्म फीएटोर यांनी १८८२ मध्ये आवाज उठविला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या गरजेतून तोंडी सरावावर भर देणारी श्राव्य-भाषिक पद्धती वाढली, व १९७० नंतर संप्रेषणात्मक पद्धतीने तिची जागा घेतली. स्टीव्हन क्रॅशेन यांनी तर समजेल अशी भाषा विपुल ऐकावयास मिळाली की पुरे, नियम सांगण्याचा उपयोग अगदी थोडा, असे मत मांडले. या मताची परीक्षा कॅनडात आपोआप झाली. माँट्रिऑलजवळील सेंट लँबर्ट येथे १९६५ पासून इंग्रजी भाषक मुलांना सर्व विषय फ्रेंचमधून शिकविण्यात येऊ लागले. ही मुले फ्रेंच अस्खलित समजू व बोलू लागली. परंतु नामांची लिंगे व क्रियापदांची रूपे यांतील त्यांच्या चुका अनेक वर्षांनंतरही टिकून राहिल्या. अर्थ कळण्यास लिंग बरोबर असण्याची गरज नव्हती. म्हणून ते बरोबर झाले नाही. नॉरिस व ऑर्टेगा यांनी २००० साली ४९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन, नियमांकडे उघडपणे लक्ष वेधणारे अध्यापन अधिक फलदायी ठरते असे दाखविले. मात्र त्यांतील बऱ्याच चाचण्या नियम जाणणाऱ्यालाच अनुकूल होत्या, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

स्पॅनिश व मराठी भाषक : आतापर्यंतच्या विवेचनाची कसोटी म्हणून स्पॅनिशचे उदाहरण घेता येईल. पुण्या-मुंबईत या भाषेचे वर्ग चालतात. अहमदनगरच्या विद्यार्थ्याला बहुधा त्यासाठी पुणे गाठावे लागते. स्पॅनिशचे पहिले छापील व्याकरण नेब्रिहा याने १४९२ मध्ये लिहिले, तेव्हापासून तिच्या व्याकरणलेखनाची परंपरा अखंड आहे. तिची येथे वापरली जाणारी पाठ्यपुस्तके मुख्यतः यूरोपीय किंवा इंग्रजी भाषक विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. मराठी विद्यार्थ्याच्या अडचणी त्यांहून निराळ्या आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी त्याला अडचणच नाही.

आवडण्याची क्रिया पहा. ‘मे गुस्ता एल मांगो’ म्हणजे ‘मला आंबा आवडतो’. ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. ज्याला आवडते तो चतुर्थीत, जे आवडते ते प्रथमेत, आणि क्रियापद त्या वस्तूच्या वचनाप्रमाणे. इंग्रजी भाषकाला ही रचना उलटी वाटते व तिच्यासाठी पाठ्यपुस्तकांत कित्येक पाने खर्ची पडतात. मराठी विद्यार्थ्याला एक वाक्य मराठीत सांगितले की काम होते. येथे इंग्रजीतून समजावणे म्हणजे सरळ वाट सोडून वळसा घेणे होय.

दुसरे उदाहरण कर्माचे. ‘बेओ एल आर्बोल’ म्हणजे ‘मी झाड पाहतो’. पण ‘बेओ आ ला निन्या’ म्हणजे ‘मी मुलीला पाहतो’. व्यक्तिवाचक कर्मापूर्वी येणारा ‘आ’ आणि मराठीतील ‘ला’ यांचे साम्य उघड आहे. कर्म वाक्यात आधी आले तरी मराठी विद्यार्थी गोंधळण्याचे कारण नाही, कारण ‘त्याला मुलीने पाहिले’ अशी वाक्ये त्याच्या नित्य परिचयाची आहेत. व्हॅनपॅटन व कादिएर्नो यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग नेमके याच जागेवर होते. इंग्रजी भाषक विद्यार्थी स्पॅनिश वाक्यातील पहिल्या नामाला किंवा सर्वनामालाच कर्ता समजून अर्थ उलटा लावतात, आणि अर्थ लावण्याचा योग्य सराव दिल्यास ही खोड जाते, असे त्यांत आढळले. इच्छेच्या वाक्यांतही मराठी साहाय्यक ठरते. ‘किएरो के बेंगास’ यातील क्रियापदाचे रूप ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातील विध्यर्थी ‘यावेस’च्या जवळचे आहे. रोज घडत असलेल्या भूतकाळासाठी मराठीत ‘जाई’ किंवा ‘जात असे’ व एकदा घडलेल्यासाठी ‘गेला’ अशी वेगळी रूपे असल्याने स्पॅनिशमधील दोन भूतकाळांचा भेदही परका वाटत नाही.

परंतु जेथे साम्य अर्धेच असते तेथे मराठी विद्यार्थ्याला धोका अधिक. ‘असणे’ या अर्थी स्पॅनिशमध्ये ‘सेर’ व ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे आहेत. ‘बर्फ थंड असतो’ येथे पहिले व ‘चहा थंड आहे’ येथे दुसरे येते. यावरून ‘असतो’ म्हणजे ‘सेर’ व ‘आहे’ म्हणजे ‘एस्तार’ असा सोयीचा नियम विद्यार्थी मनाशी बांधील, आणि ‘तो उंच आहे’ किंवा ‘तो वैद्य आहे’ येथे तो फसेल. कारण या दोन्ही वाक्यांत ‘सेर’ हवे. तसेच ‘तो येईल असे मला वाटत नाही’ या वाक्यात मराठी साधा भविष्यकाळ वापरते, पण स्पॅनिशला तेथेही इच्छार्थी रूप लागते. ‘हात’ मराठीत पुल्लिंगी तर ‘मानो’ स्त्रीलिंगी. मराठीत ‘मुलीने आंबा खाल्ला’ असे क्रियापद कर्माच्या मागे जाते, स्पॅनिशमध्ये ते कर्त्याला सोडत नाही. अशा जागी नियम स्पष्टपणे, मराठीशी तुलना करून सांगितला पाहिजे. निश्चित व अनिश्चित उपपदे मराठीत नाहीतच. त्यांचा स्थूल नियम सांगून बाकीचे दीर्घ वाचनावर सोडण्यावाचून गत्यंतर नाही. थोडक्यात, एकाच वर्गात तीन वेगवेगळ्या पद्धती तीन वेगवेगळ्या भाषांशांना लागतात, आणि त्यांची वाटणी मराठी विद्यार्थ्यासाठी एक व इंग्रजी विद्यार्थ्यासाठी दुसरी असते.

ग्रामीण शाळा : अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) मराठी माध्यमाच्या शाळांत हा प्रश्न इंग्रजीच्या संबंधात उभा राहतो. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते आणि पाठ्यपुस्तके क्रमाक्रमाने संप्रेषणात्मक वळणाची झाली आहेत. ती गाणी, चित्रे व संवाद यांवर भर देतात. त्यांमागील विचार योग्य असला, तरी त्यात एक गृहीत दडलेले आहे : वर्गात जे सुरू झाले ते बाहेर चालू राहील. अकोले तालुक्यातील डोंगराळ भागात किंवा पाथर्डीच्या खेड्यात ते चालू राहत नाही. तेथे इंग्रजीचा संदर्भ म्हणजे ती तासिका व ते पुस्तक. आणि संदर्भच अपुरा असेल, तर संदर्भातून नियम काढण्याची अपेक्षा दुबळ्या विद्यार्थ्यावर अन्याय करते. ज्याच्या घरी कोणी समजावून सांगणारा आहे तो तरतो. ज्याच्या घरी नाही त्याला आठवीतही वाक्यातील क्रियापद कोणते ते उमगत नाही. याच्या उलट बाजूही आहे. पाथर्डी व शेवगाव भागांतील ऊसतोडणी कामगारांची मुले हंगामात आईवडिलांबरोबर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि महिनोन्‌महिने शाळेस मुकतात. प्रत्येक पाठ आधीच्या पाठावर रचलेला असा काटेकोर व्याकरणक्रम परतलेल्या मुलाला कायमचा मागे टाकतो. स्वयंपूर्ण प्रसंगावर आधारलेल्या पाठात तो कोणत्याही दिवशी येऊन बसू शकतो. म्हणून शाळेपुढील निवड पद्धतींतील नसून कोणत्या मुलासाठी काय, अशी असते.

व्यवहारात चांगले शिक्षक प्रसंग आधी घेतात, त्यातील एकच भाषांश निवडून मराठीतून दोन-तीन मिनिटांत उलगडतात व पुन्हा प्रसंगाकडे वळतात. उदाहरणार्थ, घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचे संभाषण घेतले, तर तुलनेची रूपे आपोआप येतात : ही गाय त्या गाईपेक्षा मोठी, तो बैल सर्वांत महाग. इंग्रजी विशेषणाला तुलनेत प्रत्यय लागतो व मराठीत ‘पेक्षा’ नामाला लागते, एवढे फळ्यावर दोन ओळींत मांडले म्हणजे पुरते. अपवादांची यादी त्या दिवशी देण्याचे कारण नाही. लेखी कामात मात्र दुरुस्ती काटेकोर असावी. बोलताना दर वाक्याला अडविलेले मूल गप्प बसावयास शिकते.

या सर्वांवर परीक्षेचा अंमल चालतो. दहावीच्या भाषाविषयांतील तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकल्यावर मार्च २०१९ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ७७·१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९·४१ टक्के होता. या घसरणीच्या कारणांत त्या बदलाची मोठी चर्चा झाली व त्याच वर्षी ते गुण पुन्हा सुरू करण्यात आले. त्यांतून अनेक विद्यार्थी उत्तीर्ण होतात हे खरे. परंतु ज्या शाळांत तोंडी परीक्षा म्हणजे आधी पाठ करून घेतलेली पाच वाक्ये असतात, तेथे ती ना व्याकरणाची परीक्षा ठरते ना संभाषणाची. शिक्षक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत पद्धतींची नावे व त्यांचे गुणदोष पाठ करून घेतले जातात. मराठी व इंग्रजी यांच्या रचनांची तुलना, जिच्यावाचून कोणता नियम सांगावा व कोणता वगळावा हे ठरवता येत नाही, तिला त्यांत फारच थोडी जागा असते.